कार्ड खिशातच होतं, तरी पैसे गेले: सुट्टीला निघण्याआधी कार्डाचं काय करायचं?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही राहतो उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, शहाड स्टेशनच्या बाजूला. आई, पप्पा, मी, आत्या, तिचा मुलगा आणि कल्याणची मावशी असे सहा जण भाड्याच्या अर्टिगातून दापोलीला निघालो. पप्पा मार्चमध्ये रिटायर झाले होते. त्यांच्या शिफ्ट ड्युटीमुळे सगळे मिळून सलग चार दिवस कुठे गेलोय असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. त्यामुळे या ट्रिपचा उत्साह वेगळाच होता. आईने चकल्यांचा डबा भरला, शेजारच्या सिंधी आंटींनी सकाळी सहा वाजता गरम दाल-पकवान आणून दिलं आणि गाडी निघाली.

मुरूडच्या किनाऱ्याजवळ एका घरगुती लॉजवर उतरलो. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघितला, दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. पप्पांच्या सिमला तिथे रेंज नव्हती. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, उलट आई म्हणाली, "बरंय, फोनपासून सुटका."

रविवारी परतीच्या वाटेवर माणगावला चहासाठी थांबलो आणि पप्पांच्या फोनला रेंज आली. एकामागोमाग एक मेसेज यायला लागले. त्यातले तीन बँकेचे होते. शुक्रवारी रात्री पावणेदोनला, एक पन्नासला आणि एक बावन्नला, डॉलरमध्ये तीन व्यवहार. एकूण ३१ हजार रुपयांच्या वर.

पप्पा पाकीट उघडून बघत होते. कार्ड जागेवर होतं. "अरे, मी तर ते बाहेर काढलंच नाही. सगळीकडे तूच पैसे दिलेस."

ओटीपी आला नव्हता. पिन कोणाला सांगितला नव्हता. कुठल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं. तरी पैसे गेले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तर घरच्यांनी साहजिकच माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला जे सांगता आलं नाही, ते आता नीट लिहितोय.

कार्ड म्हणजे प्लास्टिक नाही

पैसे काढायला तुमचं कार्ड लागत नाही, कार्डावरची माहिती लागते. ती माहिती कार्डावर तीन ठिकाणी असते आणि तिन्ही ठिकाणी ती वेगळ्या ताकदीची असते.

पहिली म्हणजे मागची काळी पट्टी. ऑडिओ कॅसेटच्या टेपसारखीच चुंबकीय. तिच्यात कार्ड नंबर, नाव, मुदत आणि एक गुप्त कोड लिहिलेला असतो. वाईट भाग हा की ती दर वेळी तेच बोलते. एकदा कोणी वाचून घेतली की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवता येते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत देऊन बँकांना नुसत्या पट्टीवाली कार्डं बदलून चिपची द्यायला लावली. तुमच्या घरी तेव्हा "कार्ड बंद होणार, नवीन घ्या" असा मेसेज आला असेल तर तो यासाठी होता.

दुसरी म्हणजे पुढची सोनेरी चिप. हा एक छोटा कॉम्प्युटरच आहे. त्याच्या आत एक गुप्त किल्ली असते जी कधीच बाहेर येत नाही. मशीनमध्ये कार्ड घातलं की चिप त्या एका व्यवहारासाठी एक सही तयार करते. पुढच्या व्यवहाराला ती सही चालत नाही. चोराने मधल्या मध्ये ती पकडली तरी त्याला तिचा उपयोग नाही. चिपची नक्कल करणं सोपं नाही, आणि चोर सोपं काम शोधतात.

तिसरी म्हणजे डोळ्यांना दिसणारी, छापलेली माहिती: सोळा आकडे, मुदत आणि सीव्हीव्ही. ऑनलाइन खरेदीला चिपही लागत नाही आणि पट्टीही. फक्त हे आकडे लागतात. म्हणजे करोडो रुपये खर्च करून बनवलेली ती चिप ऑनलाइन व्यवहारात बाजूला बसून असते. भारतात ही फट ओटीपीने बुजवली आहे. २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला छापलेल्या माहितीशिवाय आणखी एक पडताळणी हवी असा आपल्याकडे नियम आहे. पण परदेशी साइट अशी पडताळणी न मागताही पैसे घेऊ शकते. नंबर, मुदत, सीव्हीव्ही टाकला की झालं. काही ठिकाणी तर सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत.

म्हणूनच ते व्यवहार डॉलरमध्ये होते. ओटीपी न येणं हा बँकेचा घोटाळा नव्हता. चोराने मुद्दाम तोच रस्ता निवडला होता.

सीव्हीव्ही झाकला तरी?

ट्रिपच्या आठवडाभर आधी आमच्या "चला दापोली" या ग्रुपवर पप्पांनी कार्डाचा फोटो टाकला होता. आत्याच्या मुलाने रूम बुक करायची होती, त्याला कार्ड नंबर हवा होता. आकडे टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोटो. आधी पुढची बाजू, मग मागची. खाली अंगठा.

हसू नका. तुमच्या घरच्या ग्रुपवर जाऊन "कार्ड" किंवा "आधार" शोधा आणि वर स्क्रोल करा.

फोटो टाकला की काय होतं बघा. ग्रुपमध्ये अकरा माणसं. त्यातल्या ज्यांच्या फोनवर फोटो आपोआप डाऊनलोड होतात, त्यांच्या गॅलरीत तो गेला. ज्यांचं फोटो बॅकअप चालू आहे, त्यांच्या क्लाउडवर गेला. मावशीचा फोन तिचा नातू गेम खेळायला घेतो, त्या गेमला गॅलरीची परवानगी दिलेली आहे. ग्रुपवरून पप्पांनी तो फोटो नंतर "सर्वांसाठी डिलीट" केला, पण दुसऱ्याच्या गॅलरीत आणि बॅकअपमध्ये उतरलेली कॉपी त्याने पुसली जाईलच असं नाही.

गॅलरीतून कोण वाचतंय, असं मलाही पूर्वी वाटायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा प्रकार उघड केला. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर, दोन्हीकडच्या काही साध्या दिसणाऱ्या ॲप्समध्ये तो लपलेला होता. गॅलरीची परवानगी मिळाली की तो फोटोंमधली अक्षरं वाचायचा आणि कामाचे फोटो आपल्या सर्व्हरला पाठवायचा. तो क्रिप्टो वॉलेटचे गुप्त शब्द शोधत होता, कार्ड नंबर नाही. पण फोटोतला मजकूर वाचणाऱ्या कोडला काय शोधायचं ते सांगणं एका ओळीचं काम आहे. सोळा आकडे शोधणं तर अजून सोपं.

मग काही हुशार लोक सीव्हीव्हीवर बोट ठेवून फोटो काढतात. किंवा मधले आकडे झाकतात. इथे थोडं गणित करू, मला आवडतं म्हणून.

सोळा आकड्यांपैकी पहिले सहा बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. ते गुपित नाही. शेवटचे चार पावतीवर, मेसेजमध्ये, सगळीकडे छापलेले असतात. उरले मधले सहा, म्हणजे दहा लाख शक्यता. पण शेवटचा आकडा हा आधीच्या पंधरा आकड्यांवरून काढलेला तपासणी अंक असतो. हान्स पीटर लून या आयबीएमच्या इंजिनियरने शोधलेलं ते गणित आहे, टायपिंगची चूक पकडण्यासाठी. त्याने दहा लाखांच्या एक लाखच शक्यता उरतात. मुदतीच्या शक्यता पाच वर्षांच्या हिशोबाने साठ. सीव्हीव्हीच्या एक हजार.

एका साइटवर हजार वेळा चुकीचा सीव्हीव्ही टाकला तर ती तुम्हाला अडवेल. पण शंभर साइटवर दहा-दहा वेळा टाकला तर? २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं. प्रत्येक साइटवर थोडे अंदाज, सगळे एकदम. पुढची बाजू हातात असेल तर मागची बाजू हा फक्त प्रयत्नांचा प्रश्न राहतो. म्हणजे झाकायचाच असेल तर अख्खा फोटो झाका. काढूच नका, हे जास्त सोपं.

तीन संशयित

आमच्या केसमध्ये माहिती नेमकी कुठून गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक वेळा कळत नाहीच. सिनेमात हॅकर सापडतो, खऱ्या आयुष्यात फक्त स्टेटमेंट सापडतं. संशयित मात्र तीन होते.

एक, ग्रुपवरचा फोटो.

दोन, बुकिंग. आत्याच्या मुलाने आधी गुगलवर शोधून एका ठिकाणी फोन केला होता. पलीकडच्या माणसाने "रूम होल्ड करतो, कार्डाच्या दोन्ही बाजू व्हॉट्सॲप करा" असं सांगितलं आणि याने तोच फोटो पुढे ढकलला. नंतर तो नंबर लागलाच नाही, म्हणून दुसरं लॉज घेतलं. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मे महिन्यात कोकणात रूम मिळणं म्हणजे लोकलला विंडो सीट मिळण्यासारखं आहे, मिळतेय म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही. पण लक्षात घ्या, रूम अडवून ठेवायला कोणालाही तुमच्या कार्डाचा फोटो लागत नाही. ॲडव्हान्स हवा असेल तर पेमेंट लिंक किंवा यूपीआय आहे. मॅपवरचा फोन नंबर कोणीही "सुधारणा सुचवा" करून बदलायला देऊ शकतं, म्हणून नंबर दोन ठिकाणी जुळवून बघा, आणि शक्य असेल तर तिथे राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून घ्या.

तिसरा संशयित मी.

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला एका परदेशी साइटवरचा कोर्स हवा होता. माझं कार्ड तिथे चालत नव्हतं. मी पप्पांचं कार्ड घेतलं, त्यांच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन "इंटरनॅशनल व्यवहार" हे बटण चालू केलं, पैसे भरले आणि बटण बंद करायला विसरलो. कोर्ससुद्धा अर्धाच केला. पुढे कार्डाची मुदत संपली, नवीन कार्ड आलं. तेही मीच सुरू करून दिलं आणि जुन्या सवयीने सगळी बटणं चालू करून टाकली.

रिझर्व्ह बँकेचा नियम इथे आपल्या बाजूने होता. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं, हे सगळं बंदच येतं. हवं ते ग्राहकाने स्वतः चालू करायचं, आणि प्रत्येकाला मर्यादाही घालता येते. म्हणजे ती माहिती फोटोतून गेली असो की आणखी कुठून, पप्पांच्या कार्डाचं दार बंदच होतं. उघडं मी ठेवलं.

हे मी गाडीत सांगितलं नाही. माणगाव ते पनवेल पप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते आणि मध्येमध्ये म्हणत होते, "मीच तो फोटो टाकायला नको होता." घरी पोचल्यावर रात्री सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी जरा झोपलो असतो गाडीत."

चोरांना सुट्टी का आवडते

शुक्रवारी रात्री पावणेदोनची वेळ काही योगायोगाने आलेली नाही. या धंद्यात सगळा खेळ वेळेचा असतो: चोरी झाल्यापासून ती कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंतचा वेळ. सुट्टीत हा वेळ आपोआप वाढतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवतंय का? ११ ऑगस्ट २०१८. तो महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून एक खोटा "हो म्हणणारा" बसवला होता. एटीएम विचारायचं, या कार्डाला पैसे देऊ का? प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायचाच नाही, मधला खोटा म्हणायचा, दे. त्याच वेळी २८ देशांत नक्कल केलेली कार्डं घेतलेली माणसं एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये परदेशातून निघाले, अडीच कोटींच्या आसपास भारतातून, त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमसुद्धा होती. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली, ते मुख्यतः एटीएमवर उभे राहणारे. त्यात ग्राहकांच्या खात्यातले पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी २०१६ मध्ये पडलेला डल्ला तर सुट्टीचं कॅलेंडर समोर ठेवूनच आखलेला होता. गुरुवारी रात्री सुरुवात. शुक्रवारी ढाक्याला साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. एकाने विचारायचं तर दुसरा घरी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला जाऊन पोचले.

एवढ्या मोठ्या बँकांचं जे झालं, तेच छोट्या प्रमाणात पप्पांचं झालं. धोक्याची घंटा वाजली होती, पण ती दापोलीच्या पलीकडे रेंज नसलेल्या फोनमध्ये.

मग पैसे परत मिळाले का?

मिळाले. पण कसे, ते समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक हार मानतात.

माणगावच्या त्या चहाच्या टपरीवर बसूनच आम्ही तीन गोष्टी केल्या. ॲपमधून कार्ड कायमचं ब्लॉक केलं. बँकेच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. मग १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पाठ करा, मराठीतही बोलता येतं. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही टाकता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी कुठपर्यंत हे स्पष्ट लिहिलंय. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कुठून माहिती फुटली, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १० हजार तुमच्या डोक्यावर. सात दिवसांच्या पुढे बँकेच्या धोरणावर. "कामकाजाचे दिवस" हा शब्द महत्त्वाचा. मधला रविवार, बँकेला सुट्टी असलेला शनिवार, दिवाळी-पाडवा मोजत नाहीत. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असाच नियम लागू झाला.

पण त्यात एक मेख आहे. पिन, ओटीपी किंवा पेमेंटची माहिती तुम्ही स्वतःच कोणाला दिली असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा. मग कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून "आपलीच चूक आहे, आता कोणाला सांगायचं" असं म्हणत लाजून गप्प बसणं हे सगळ्यात महाग पडतं.

सोमवारी शाखेत गेलो तेव्हा हाच प्रश्न आला. "कार्डाची माहिती कोणाला दिली होती का?" पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं. घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, एका लॉजवाल्याला पाठवलं होतं. मला वाटलं, गेले पैसे. अधिकारी म्हणाले, लिहून द्या. फॉर्म, व्यवहारांची यादी, पोर्टलच्या तक्रारीची प्रिंट. ओटीपीशिवाय झालेले परदेशी व्यवहार होते म्हणून बँकेने ते पलीकडच्या व्यापाऱ्याकडे वादात टाकले. तात्पुरती रक्कम आठव्या दिवशी जमा झाली आणि अडीच महिन्यांनी "आता कायमची" असा मेसेज आला. त्या अडीच महिन्यांत पप्पांनी त्या पैशांना हात लावला नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. आमच्यावर ती वेळ आली नाही.

निघण्याआधी अर्धा तास

आता कामाचं बोलू. हे बॅग भरण्याच्या आदल्या रात्री करायचं, स्टेशनवर उभं राहून नाही.

सगळ्यात आधी आई-वडिलांच्या फोनमध्ये त्यांच्या बँकेचं ॲप उघडा आणि कार्डाची बटणं बघा. इंटरनॅशनल बंद. ऑनलाइन लागत नसेल तर बंद. टॅप करून देण्याची मर्यादा खाली आणा. पाच हजारांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही, त्यामुळे हरवलेलं कार्ड कोणाच्या हाती लागलं तर तेवढं जाऊ शकतं. एटीएमची रोजची मर्यादा ट्रिपपुरती ठेवा. परदेशी साइटवर काही घ्यायचंच असेल तर पाच मिनिटांसाठी चालू करा, घ्या, बंद करा. मी माझ्या फोनमध्ये त्यासाठी अलार्म लावतो, कारण माझ्या स्मरणशक्तीचा अनुभव तुम्ही वर वाचलाच आहे.

मग अलर्ट. मेसेज एका सिमवर येतो आणि ते सिम रेंजच्या बाहेर जाऊ शकतं. बँकेत ईमेल अलर्टही चालू करा आणि तो ईमेल घरातल्या दुसऱ्या, वेगळ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनवरही उघडलेला ठेवा. आमच्या केसमध्ये एवढं केलं असतं तर शनिवारी सकाळीच कळलं असतं. माझ्या फोनला रेंज होती.

खर्चासाठी वेगळं खातं. ज्या खात्यात पप्पांचा फंड आहे त्याचं कार्ड प्रवासात नेऊच नका. छोटं खातं, त्यात ट्रिपपुरते पैसे, त्याचंच डेबिट कार्ड आणि त्यालाच यूपीआय. डेबिट कार्डातून गेले तर तुमचे पैसे जातात आणि तुम्ही मागे धावता. क्रेडिट कार्डात निदान वाद चालू असताना तुमचं खातं रिकामं होत नाही.

गॅलरी साफ करा. कार्ड, पासबुक, आधार यांचे फोटो, आणि रिसायकल बिनही. ग्रुपचं आपोआप डाऊनलोड बंद. माहिती द्यायचीच असेल तर फोनवर बोलून सांगा. हे जुनाट वाटेल, पण बोललेलं बॅकअपला जात नाही.

एपीके फाईल. लग्नसराईत "पत्रिका पाहा" किंवा "वाहतूक चलन" म्हणून येते. लग्नपत्रिका इमेज असते किंवा पीडीएफ, ॲप कधीच नसते. ती इन्स्टॉल केली की पहिली परवानगी मागते मेसेज वाचण्याची, म्हणजे तुमचा ओटीपी तुमच्याआधी तिकडे.

खरेदीच्या साइट्सचं थोडं बरं आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार साइट तुमचा कार्ड नंबर साठवू शकत नाही. "कार्ड सुरक्षित ठेवा" वर टिक केली की नंबराऐवजी एक टोकन साठवलं जातं, जे फक्त त्या साइटवर आणि त्या कार्डासाठी चालतं. साइट फुटली तरी चोराला मिळतो निरुपयोगी टोकन. त्यामुळे ती टिक करायला घाबरू नका. दर वेळी पूर्ण नंबर टाइप करण्यापेक्षा ते बरं.

आणि काही गोष्टींची भीती जरा जास्तच पसरवली जाते. स्टेशनच्या वाय-फायवर बँकेचं खरं ॲप उघडलं म्हणून कोणी तुमचा पासवर्ड हवेतून उचलत नाही, ते एन्क्रिप्टेड असतं. खोटी साइट उघडलीत तर मात्र घरचं वाय-फायही वाचवणार नाही. हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आत जात असेल तर "मशीन इथे आणा" म्हणा. आमच्या खालच्या दुकानातले अंकल स्वतःच मशीन पुढे करतात आणि पिन टाकताना तोंड वळवून रस्त्याकडे बघतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो, यावेळी दोनच दिवस, बदलापूरच्या पुढे एका शेतघरावर. आदल्या रात्री जेवण झाल्यावर पप्पा चष्मा लावून सोफ्यावर बसले आणि फोन माझ्या हातात देण्याऐवजी स्वतःकडेच ठेवला. "तू फक्त बघ. इंटरनॅशनल हेच ना?" बटण आधीच बंद होतं. त्यांनी ते एकदा चालू करून पुन्हा बंद केलं, खात्री म्हणून. मग ग्रुपवर मेसेज टाकला: सकाळी साडेसहाला खाली या, कोणी काही पाठवायचं असेल तर फराळाचा फोटो पाठवा.